अल्फा ०.९३ आला, म्हणजे प्रश्नावली वैध झाली का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई जपानमध्ये त्वचारोग विभागात पीएचडी करत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: त्वचारोगाचा जीवनमानावर होणारा परिणाम मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली त्यांच्या गटाने जपानीत आणली. सोळा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ६ गुण, आणि लक्षणं, भावना, दैनंदिन व्यवहार असे तीन भाग. दोघांनी स्वतंत्र भाषांतरं केली, त्यातून एक ठरलं, उलट भाषांतर (जपानीतून परत इंग्रजीत) मूळ इंग्रजीशी जुळलं. ओपीडीतल्या ८० रुग्णांनी ती भरली आणि क्रोनबाखचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, ०.९३ आला. तरी समीक्षक म्हणतोय की वैधता दाखवलेली नाही. आता अजून काय करायचं, किती रुग्ण लागतील, आणि गाइडनी सुचवलेला ओन्सेनबद्दलचा (गरम झऱ्यांच्या सार्वजनिक स्नानगृहांबद्दलचा) सतरावा प्रश्न घालावा का?

समीक्षकाचं बरोबर आहे. तुमचं काम वाया गेलं असं मात्र नाही. जे झालं ते पायाचं काम आहे, वैधतेचा भाग जवळपास सगळा पुढेच आहे.

'वैध प्रश्नावली' असं आपण सगळेच सैलपणे म्हणतो. खरं तर वैध ठरतो तो गुणांचा एखादा अर्थ, आणि तोही ठरावीक रुग्णांपुरता. 'भावना या भागात ज्याला जास्त गुण, तो माणूस त्वचेपायी मनाने जास्त त्रासलेला' असा तुमचा दावा आहे. हा दावा जपानी रुग्णांच्या बाबतीत खरा असेल तर आकडे कसे वागायला हवेत, हे आकडे हातात येण्याआधी लिहून ठेवायचं आणि मग त्यांना तुम्हाला खोटं पाडायची पूर्ण मोकळीक द्यायची. एवढंच व्हॅलिडेशन. तुमच्या आराखड्यात अशी एकही जागा नाही जिथे निकाल तुमच्या विरुद्ध जाऊ शकला असता. समीक्षकाला खटकलंय ते हेच, त्याने शब्द वेगळे वापरले असतील.

आधी अल्फाचं बघू, कारण त्या ०.९३ वर तुमचा फार भरवसा दिसतोय. कागद-पेन्सिल घ्या. प्रमाणित अल्फाचं सूत्र सोपं आहे: प्रश्नांची संख्या गुणिले प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र किती वर-खाली होतात ते सांगणारा आकडा), भागिले एक अधिक (संख्या वजा एक) गुणिले तोच सहसंबंध. सोळा प्रश्न आणि सरासरी सहसंबंध ०.४५ धरा: ७.२ भागिले ७.७५, म्हणजे ०.९३. आता तोच ०.४५ ठेवा आणि प्रश्न चारच घ्या: १.८ भागिले २.३५, म्हणजे ०.७७. रुग्ण तेच, प्रश्नांमधलं नातं तेच. प्रश्न वाढले म्हणून अल्फा फुगला.

याहून गंमत पुढे आहे. समजा तुमचे तीन भाग चार, सात आणि पाच प्रश्नांचे आहेत. सोळा प्रश्नांच्या एकूण १२० जोड्या होतात. त्यातल्या ३७ जोड्या एकाच भागातल्या, उरलेल्या ८३ वेगवेगळ्या भागांतल्या. एकाच भागातल्या जोड्यांचा सहसंबंध ०.७५ आणि वेगळ्या भागांतल्या जोड्यांचा फक्त ०.३० धरा. म्हणजे तीन बऱ्यापैकी स्वतंत्र गोष्टी एका कागदावर छापल्यात. सरासरी येते ०.४४ आणि अल्फा पुन्हा ०.९३. तेव्हा 'सोळाही प्रश्न एकच गोष्ट मोजतात' हा निष्कर्ष तुमच्या आकड्यातून निघतच नाही. अल्फा द्यायचाच तर तिन्ही भागांचा वेगवेगळा द्या, आणि पेपरमध्ये त्याला एका ओळीहून जास्त जागा देऊ नका.

आता भाषांतर. उलट भाषांतर जुळलं याचा आनंद बेताचाच ठेवा. हुशार उलट भाषांतरकार कच्च्या वाक्यातूनही मूळ काय असावं ते ओळखतो आणि नीटनेटकं इंग्रजी लिहून देतो. शब्दशः केलेलं, कानाला परकं वाटणारं जपानी तर इंग्रजीत फारच छान परत येतं. २००५ साली आलेल्या आयएसपीओआर या आरोग्य-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांत भाषांतराचे दहा टप्पे सांगितलेत. उलट भाषांतर त्यातला एक. त्यानंतर येतात रुग्णांच्या मुलाखती, आणि तुमच्या वर्णनात त्यांचा उल्लेखच नाही. माझ्या मते तुमच्या कामातली सर्वांत मोठी उणीव हीच, आणि सुदैवाने भरून काढायला सर्वांत स्वस्त.

त्वचेच्या प्रश्नावलीत हे किती नाजूक असतं, त्याचा एक नमुना. इंग्रजीत जळजळ आणि टोचणं यांसाठी दोन शब्द 'किंवा' घालून एकाच प्रश्नात ठेवलेले असतात. जपानीत त्वचेच्या संवेदना लोक नादानुकारी शब्दांनी सांगतात: हिरिहिरि म्हणजे सोलवटल्यासारखी चुरचुर, पिरिपिरि म्हणजे वीज खेळल्यासारखी झिणझिण, चिकुचिकु म्हणजे सुया टोचल्यासारखं, मुझुमुझु म्हणजे काहीतरी वळवळल्यासारखं. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. चुरचुरणं, झोंबणं, टोचणं यांत आपणही गल्लत करत नाही. पण भाषांतरकाराने यातला एक शब्द निवडला की सोरायसिसचा रुग्ण 'हे माझं नाही' म्हणून ० लिहितो आणि अ‍ॅटोपीचा, म्हणजे खाजऱ्या इसबाचा, रुग्ण ५. पुढे तुम्ही तो फरक आजाराचा म्हणून छापता, जेव्हा तो तुमच्या शब्दाचा असतो. उलट भाषांतरात हिरिहिरि असो की चिकुचिकु, इंग्रजीत जवळपास एकच शब्द येतो, त्यामुळे तिथे काही दिसत नाही.

मुलाखती घ्यायच्या तर त्याही जपान ओळखून घ्या. 'हा प्रश्न समजला का?' असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं: 'हाइ, दाइजोउबु देस', म्हणजे हो, ठीक आहे. काही सूचना आहेत का विचारलं तर 'तोकु नि आरिमासेन', खास काही नाही. समोर पांढरा कोट घातलेला सेन्सेइ (डॉक्टर) बसला असेल तर विषयच संपला. त्यामुळे मुलाखत उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी घेऊ नये, आणि प्रश्न समजण्याबद्दल नसावा. 'तुम्ही ४ वर खूण केलीत; गेल्या आठवड्यातलं काय डोळ्यांपुढे होतं?' असं विचारा. '४ ऐवजी ५ कधी लिहिलं असतं?' असं विचारा. 'हे वाक्य तुमच्या बहिणीला तुमच्या शब्दांत कसं सांगाल?' असंही विचारा. माणूस प्रसंग सांगायला लागला की प्रश्न त्याला कसा समजला ते आपोआप बाहेर येतं.

या मुलाखतींतून काय हाती लागतं ते सांगतो. त्वचेमुळे आपुलकी, प्रेम व्यक्त करणं अवघड जातं का, अशा अर्थाचा प्रश्न बऱ्याच इंग्रजी प्रश्नावल्यांत असतो. स्किन्डेक्स-१६ या त्वचारोगांच्या प्रश्नावलीतही आहे. सोरायसिस असलेल्या, साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांनी या धर्तीच्या प्रश्नाला ० लिहिलं होतं. का, विचारल्यावर म्हणाले, 'त्वचा चांगली होती तेव्हाही मी हे करत नव्हतो.' म्हणजे या ० चा अर्थ 'त्रास नाही' असा नाही, 'हा प्रश्न मला लागू नाही' असा आहे. आकड्यांच्या फाइलमध्ये दोन्ही शून्यं सारखीच दिसतात.

ही अडचण फक्त भाषांतरित प्रश्नावल्यांची आहे असंही नाही. फिनले आणि खान यांनी १९९४ मध्ये कार्डिफमध्ये तयार केलेली डीएलक्यूआय ही जीवनमानाची प्रश्नावली घ्या, त्वचारोगात बहुधा सर्वांत जास्त वापरली जाणारी. दहा प्रश्न, एकूण ० ते ३०. तिच्यात 'लागू नाही' असा पर्याय छापलेलाच आहे, पण त्याचेही गुण शून्यच धरले जातात. त्यामुळे खेळ न खेळणारी, जोडीदार नसलेली, निवृत्त व्यक्ती कितीही त्रासली तरी तिचा आकडा वर जायला जागाच कमी उरते. एकट्याने राहणाऱ्या ज्येष्ठांचं प्रमाण मोठं असलेल्या जपानमध्ये ही किरकोळ बाब नव्हे. तुमच्या प्रश्नावलीत 'लागू नाही' हा पर्याय नसेल तर कुठल्या प्रश्नाला कोणत्या वयोगटात शून्यं साचतात याचा तक्ता काढा. अख्ख्या नमुन्यातल्या १५ टक्क्यांहून जास्त लोकांचे एखाद्या भागात किमान शक्य तेवढेच गुण असतील, तर तिथे तळ गाठला गेलाय असं मानायचा प्रघात आहे.

मुलाखतींत दुसरी गोष्ट कळते ती प्रश्नावलीत काय नाहीच याची. जपानीत सोरायसिसला 'कान्सेन' म्हणतात. संसर्गालाही 'कान्सेन'च म्हणतात. लिहिताना कांजी (चिनी वळणाची अक्षरं) वेगळी, उच्चार तोच. फोनवर किंवा ऑफिसात आजाराचं नाव सांगितलं की समोरचा दचकतो, आणि मग 'तो कान्सेन नव्हे, हा कान्सेन' असं समजावत बसावं लागतं. आपल्याकडे कोडाला 'पांढरे डाग' म्हणत लोक नावच टाळतात, पण निदान ते नाव दुसऱ्या कशाचं नसतं. तुमच्या सोळा प्रश्नांपैकी एकात तरी हा त्रास नोंदवायला जागा आहे का, ते तपासा. 'लोकांशी संबंध' या प्रश्नाचं उत्तर देताना रुग्णांना हे आठवत असेल तर ठीक. आठवत नसेल तर आशयाच्या वैधतेत तेवढी खोट आहे, आणि ती लपवू नका, लिहा.

भरून घ्यायची पद्धतही इथेच ठरवून टाका. 'तीन तास थांबा, तीन मिनिटं तपासणी' ही मोठ्या इस्पितळांबद्दलची जपानी तक्रार प्रसिद्ध आहे. तेव्हा फॉर्म तपासणीच्या आधी, थांबण्याच्या वेळेत द्या. तपासणीनंतर दिलात तर बिल आणि औषधांच्या घाईत तो पटापट भरला जातो. भरलेला फॉर्म पाकिटात घालून रिसेप्शनवर घ्या, डॉक्टरांच्या हातात देऊ नका. डॉक्टर आपल्यासाठी एवढे झटतायत आणि आपण 'त्रास कमी झाला नाही' असं कसं लिहायचं, हा संकोच तिथे खराच असतो. वयस्कांसाठी अक्षर मोठं आणि अवघड कांजीवर फुरिगाना, म्हणजे उच्चार सांगणारी बारीक अक्षरं, हवाच.

आता तुमच्या ० ते ६ या मोजपट्टीबद्दल. सात पर्याय म्हणजे मधोमध ३. जपानी आणि चिनी विद्यार्थी अमेरिकी विद्यार्थ्यांपेक्षा मधला पर्याय जास्त वापरतात असं १९९५ च्या एका गाजलेल्या तुलनेत दिसलं होतं. ते विद्यार्थी होते, रुग्ण नव्हते, म्हणून तेवढ्यावरून तुमच्या रुग्णांबद्दल काही ठरवू नका. पण प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरांचा आलेख जरूर काढा. ३ वर उंच खांब आणि आजूबाजूला खड्डे दिसले तर सरासरीची तुलना करताना जपून. जपानी रुग्णांची सरासरी ४० आणि इंग्रजी मूळ अभ्यासातली ५२, म्हणून जपानी रुग्णांना त्रास कमी, हे वाक्य तुमच्या पेपरमध्ये येता कामा नये. दोन्ही भाषांत प्रश्न सारखेच वागतात हे दोन्हीकडच्या मूळ आकड्यांवरून दाखवल्याशिवाय ती तुलना करताच येत नाही, आणि तुमच्याकडे इंग्रजी आकडे नाहीत.

मग येते रचना. मूळ लेखकांनी तीन भाग सांगितलेत, तर तुमचा प्रश्न 'किती भाग निघतात?' असा नसावा, 'ते तीन भाग इथे टिकतात का?' असा असावा. म्हणून घटक विश्लेषण (कोणते प्रश्न गट करून एकत्र वागतात ते बघणारी पद्धत) शोधक नको, पडताळणीचं करा. तीन घटकांचं प्रारूप आणि एकाच घटकाचं प्रारूप शेजारी ठेवा. उत्तरं क्रमवार आहेत आणि शून्याकडे झुकलेली असणार, तेव्हा त्यांना सरळ सामान्य वितरणाचे आकडे समजून चालवू नका. क्रमवार उत्तरांसाठीची पद्धत सॉफ्टवेअरमध्ये निवडा. सीएफआय ०.९५ च्या वर, आरएमएसईए ०.०६ च्या खाली, हे प्रारूप किती बसलं ते सांगणारे आकडे सगळे देतात, तुम्हीही द्या. पण प्रारूप बसलं नाही म्हणून सॉफ्टवेअर सुचवेल तिथे प्रश्नांमधली नवी नाती दाखवणारे बाण जोडत सुटू नका. 'लाज वाटते' हा प्रश्न भावनांऐवजी व्यवहाराच्या भागात जाऊन बसला, तर ते जपानमधलं खरं निरीक्षण असू शकतं. आपल्याला काय वाटतं यापेक्षा 'हितोमे', लोकांची नजर, हा भाग तिथे भारी असतो. असं झालं तर लिहा, दडपू नका.

किती रुग्ण? घटक विश्लेषणासाठी कॉस्मिन या, प्रश्नावल्या तपासण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा निकष प्रश्नांच्या सातपट आणि किमान १००. तुमचे सोळा, म्हणजे ११२. तुमचे ८० त्यात बसत नाहीत. मी स्वतः २०० च्या आसपास मागेन, कारण काही फॉर्म अर्धवट येतात आणि तुम्हाला आजारांनुसार गटही पाडायचेत. पुनर्चाचणीसाठी, म्हणजे त्याच रुग्णांकडून पुन्हा भरून घ्यायला, त्यातले किमान ५०, जमल्यास १००. मुलाखतींना आयएसपीओआर पाच ते आठ म्हणते. तीन वेगळे आजार असतील तर मी प्रत्येकातून तेवढे घेईन, आणि त्यात एक तरी सत्तरीपुढचा माणूस हवा.

आता मुख्य गोष्ट, ती भाकितं. इथे सुवर्णमानक (ताडून बघायला खात्रीचं माप) नावाची गोष्ट नाही. 'आम्ही डीएलक्यूआयशी ताडून निकष-वैधता सिद्ध केली' असं लिहिणारे पुष्कळ आहेत. पण डीएलक्यूआय ही सत्याची पट्टी नव्हे, तीही एक प्रश्नावलीच. म्हणून एकेका भागासाठी दिशा आणि ताकद दोन्ही आधी लिहा. उदाहरणार्थ:

लक्षणांचा भाग आणि ० ते १० मधली खाजेची पट्टी यांचा सहसंबंध ०.६ किंवा जास्त. लक्षणांचा भाग आणि पोएम यांचा ०.५ च्या वर. पोएम ही इसबाची प्रश्नावली रुग्ण स्वतःच भरतो, सात प्रश्न, ० ते २८, पण ती फक्त अ‍ॅटोपीवाल्यांना द्या. भावनांचा भाग आणि एसएफ-३६ या सर्वसाधारण आरोग्याच्या प्रश्नावलीचा मानसिक आरोग्याचा भाग यांचा उणे ०.४ ते उणे ०.६. उणे एवढ्यासाठी की एसएफ-३६ मध्ये जास्त गुण म्हणजे तब्येत चांगली, आणि तुमच्याकडे उलटं. हे चिन्ह विसरून संपादकाला पत्र लिहिणारे लोक आहेत. एसएफ-३६ ची जपानी आवृत्ती फुकुहारा यांच्या गटाने १९९८ मध्येच प्रसिद्ध केली, त्यामुळे तिची अडचण नाही.

आणि एक भाकीत कमी सहसंबंधाचंही असलंच पाहिजे. डॉक्टरांनी दिलेला ईएएसआय (इसबाची तीव्रता आणि पसारा यांचे गुण) आणि भावनांचा भाग यांचा ०.२ ते ०.४, त्याहून जास्त नाही. असं का? ईएएसआय ० ते ७२ असतो, पण मोठ्या माणसात डोकं आणि मान यांचा भारांक फक्त ०.१. म्हणजे अख्खा चेहरा आणि मान कितीही लाल, जाड, ओरखडलेली असली तरी तिथून जास्तीत जास्त ७.२ गुण मिळतात. चेहरा सुजलेली, मास्क काढायला तयार नसलेली मुलगी ईएएसआयच्या पट्टीवर 'सौम्य' निघू शकते. तिच्या मनाची अवस्था सौम्य नसते. तुमची प्रश्नावली ईएएसआयशी ०.८ ने जुळली तर मला आनंद होणार नाही, शंका येईल की ती त्वचाच मोजतेय, जगणं नाही.

यातूनच गटांच्या तुलनेचं चांगलं भाकीत निघतं. 'रुग्ण विरुद्ध निरोगी' ही तुलना करू नका. ती नापास होणारी प्रश्नावली मी पाहिलेली नाही, त्यामुळे पास होण्याला किंमत नाही. त्याऐवजी ईएएसआय सारखाच असलेल्या रुग्णांत चेहऱ्यावर चट्टे असणारे आणि नसणारे असे गट करा आणि भावनांच्या भागात पहिल्या गटाचे गुण जास्त येतील असं लिहून ठेवा. आजारांची तुलना करणार असाल तर एक सावधगिरी: जपानमध्ये सोरायसिसच्या रुग्णांत पुरुष बायकांच्या सुमारे दुप्पट आहेत. सोरायसिस आणि अ‍ॅटोपी यांची सरळ तुलना केलीत तर तुम्ही नकळत स्त्री-पुरुषांची आणि वयाची तुलना करून बसाल.

अशी दहा-बारा भाकितं करा. त्यातली पाऊण, म्हणजे ७५ टक्के, खरी ठरली तर कॉस्मिनच्या मते निकाल समाधानकारक. खोटी ठरलेलीही तक्त्यात तशीच छापा. सगळी बाराच्या बारा खरी ठरलेला तक्ता दिसला की समीक्षकाला भाकितं नंतर लिहिल्याचा वास येतो.

पुनर्चाचणी. तुमच्या प्रश्नावलीत 'गेल्या आठवड्यात' असं आहे. एका आठवड्याहून कमी अंतर ठेवलंत तर दोन्ही वेळा तोच काळ मोजला जातो. फार ठेवलंत तर आजारच बदलतो. एक ते दोन आठवडे ठीक, पण ज्यांना त्याच दिवशी नवं किंवा जास्त तीव्र स्टेरॉइड मलम सुरू केलं त्यांना यात घेऊ नका. आठवड्यात त्यांची त्वचा निवळते. दुसऱ्या वेळी 'गेल्या वेळेपेक्षा कसं आहे?' हा एक साधा प्रश्न घाला आणि 'तसंच' म्हणणाऱ्यांचेच आकडे धरा. ऋतूही बघा. जूनमधल्या त्सुयु पावसाच्या तोंडावर एक फेरी आणि घामाच्या उकाड्यात दुसरी, असं करू नका.

हिशेब पिअर्सनच्या सहसंबंधाने करू नका. दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण बरोबर दहाने वाढले तरी पिअर्सन पूर्ण १ दाखवेल. आयसीसी (दोन्ही वेळचे गुण किती सारखे येतात ते सांगणारा गुणांक) वापरा, तोही सरासरीतला फरक पकडणारा, म्हणजे 'पूर्ण सहमती'चा. ०.७० च्या वर हवा. पण तिथेच थांबू नका. समजा १०० पैकी गुण, प्रमाण विचलन (गुणांचा पसारा) २२, आयसीसी ०.८५, म्हणजे छान. मापनाची प्रमाण चूक येते २२ गुणिले ०.१५ चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे ८.५. त्यावरून एका रुग्णात खरा म्हणता येईल असा किमान बदल येतो १.९६ गुणिले २ चं वर्गमूळ गुणिले ८.५, म्हणजे सुमारे २४. याचा अर्थ डॉक्टरांनी समोरच्या एका रुग्णाचे गुण ५५ वरून ४० झाले म्हणून औषध लागू पडलं असं म्हणू नये. तो फरक नुसता गोंगाट असू शकतो. शंभर जणांच्या गटाच्या सरासरीत मात्र हाच उंबरठा दहापट खाली, अडीचच्या आत येतो. तेव्हा तुमची प्रश्नावली संशोधनाला चालेल, ओपीडीतल्या एकट्या रुग्णाच्या निर्णयाला नाही, असा निकाल लागू शकतो. लागला तर तसं स्पष्ट लिहा. हा परिच्छेद बहुतेक पेपरांत नसतो आणि डॉक्टरांना नेमका तोच हवा असतो.

बदल टिपण्याची क्षमता याच पेपरात कोंबायची गरज नाही, पण रुग्ण हाताशी असतील तर सोय करून ठेवा. ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला जपानमध्ये २०१८ मध्ये अ‍ॅटोपीसाठी मान्यता मिळाली. ते नव्याने सुरू होणाऱ्या रुग्णांना सुरुवातीला आणि काही महिन्यांनी प्रश्नावली द्या. इतका मोठा बदलही टिपला नाही तर प्रश्नावलीचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

एक आगंतुक प्रश्न माझ्याकडून: नवी प्रश्नावली कशासाठी? स्किन्डेक्स-१६ ची जपानी आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली, मूळ कर्त्या मेरी-मार्गारेट क्रेन यांच्या सहभागासह. डीएलक्यूआयची जपानी आवृत्ती २००६ मध्ये मुरुमांच्या रुग्णांत तपासली गेली. तुमची प्रश्नावली या दोघींपेक्षा काय जास्त देते, हे प्रस्तावनेत दोन ओळींत सांगता आलं पाहिजे. आणि डीएलक्यूआयचा तो अभ्यास मुरुमांवर होता हे ध्यानात घ्या. मुरुमांत चाललं म्हणून कोडात किंवा अर्टिकॅरियात (पित्त उठण्यात) चालेल असं कुणी गृहीत धरू नये. तुमच्याही शीर्षकात 'जपानी त्वचारोग रुग्ण' असं सरसकट न लिहिता ज्या आजारांचे रुग्ण घेतलेत त्यांची नावं द्या. एकाच शहरातल्या विद्यापीठाच्या इस्पितळातले रुग्ण असतील तर तेही. तिथे येणारा रुग्ण गल्लीतल्या त्वचारोग क्लिनिकमधल्या रुग्णापेक्षा जास्त आजारी असतो.

आता गाइडच्या ओन्सेनचं. सूचना मनापासून पटण्यासारखी आहे. ओन्सेन, सेन्तो (सार्वजनिक न्हाणीघर), पोहण्याचा तलाव, शाळा-कंपनीच्या सहलीतली सामूहिक आंघोळ, इथे उघडं अंग सगळ्यांना दिसतं, आणि सोरायसिस-अ‍ॅटोपीचे रुग्ण तिथे जाणंच सोडून देतात. घरातल्या ओफुरोत (आंघोळीच्या टबात) गरम पाण्यात बसल्यावर खाज उसळते ती वेगळीच. कार्डिफमध्ये किंवा सॅन फ्रान्सिस्कोत प्रश्नावली लिहिणाऱ्याला हे सुचण्याचं कारण नव्हतं. तरीही सतरावा प्रश्न सोळांच्या रांगेत घालू नका. घातलात की एकूण गुण बदलतात, जगातल्या इतर अभ्यासांशी तुलना तुटते, आणि मूळ लेखकांनी ज्या आवृत्तीला परवानगी दिली ती ही राहत नाही.

प्रश्न वेगळ्या पानावर, सोळा संपल्यानंतर छापा, म्हणजे आधीच्या उत्तरांवर त्याची सावली पडणार नाही. 'गेल्या आठवड्यात' ही मुदत तिथे चालणार नाही, कारण ओन्सेनला कुणी दर आठवड्याला जात नाही. 'गेल्या वर्षभरात त्वचेमुळे जाणं टाळलं का' असं विचारा, आणि इथे मात्र 'एरवीही जात नाही' हा पर्याय द्या आणि तो शून्यात मिसळू नका. गुण बेरजेत धरायचे नाहीत. विश्लेषणात एवढंच बघा की टाळणाऱ्यांचे व्यवहाराच्या भागातले गुण न टाळणाऱ्यांपेक्षा जास्त आहेत का. जास्त असतील तर मूळ सोळा प्रश्न हा त्रास आडवळणाने का होईना पकडतायत, आणि तुमच्या यादीत एक भाकीत वाढलं. नसतील तर सोळांच्या बाहेर काय राहिलंय ते तुमच्या हाती आकड्यानिशी आलं, आणि मूळ लेखकांना पत्र लिहायला तेवढं कारण पुरे.